उंचवट्यामागचं शास्त्र

जुनं इंजिन गाडीतून बाहेर काढायला मिस्त्रीला सव्वादोन तास लागले. ते काढू नये हे सांगायला सोसायटीला तीन आठवडे मिळाले होते, आणि सोसायटीने त्यातला एक दिवसही फुकट घालवला नव्हता.

"मूळ इंजिन गेलं की गाडीत राहिलं काय?" वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले. काकांची उभी हयात विम्याच्या कचेरीत गेलेली, त्यामुळे काय गेल्यावर काय राहतं यावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. समोरच्या वहिनींचं मत पडलं की गाडी आहे तशी उभी ठेवावी, आत माती भरावी आणि झेंडू लावावा. छप्पर नसल्यामुळे ऊनही भरपूर मिळेल.

ज्याला हे सगळं ऐकून घ्यावं लागत होतं तो कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. सोसायटीत त्याला मिलिमीटर म्हणत. पार्किंगच्या पट्ट्यांवरून एकदा वाद झाला, तेव्हा सेक्रेटरींची जागा इतरांपेक्षा चाळीस मिलिमीटर रुंद आहे हे त्याने भर सभेत सिद्ध केलं होतं. तेव्हापासून सेक्रेटरी बदलले, नाव राहिलं. त्याला नावाचा राग नव्हता. मायक्रॉन म्हटलं असतं तर जास्त बरोबर झालं असतं, एवढंच त्याला वाटे.

गाडी विटकरी रंगाची, दोनच सीटची, शेहेचाळीस वर्षांची आणि इतकी बुटकी की तिच्यात लोक चढत नसत, उतरत. तिचं बॉनेट लांबलचक होतं, आणि त्याच्या मधोमध एक हलकासा उंचवटा होता, श्वास भरून घेतल्यावर छाती फुगावी तसा. येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नसे. "समोरून आलेली हवा इथे वर चढते आणि काचेवरून निघून जाते," मिलिमीटर प्रत्येकाला समजावून सांगे. "हवेला वाट मिळते. त्या काळी हे सगळं विचार करून करायचे." बॉनेटच्या आतल्या बाजूला हातोडीच्या बारीक बारीक खुणा होत्या. त्याने त्या मोजल्या होत्या. दोनशे चौदा. वहीत त्यांच्यापुढे लिहिलं होतं: हस्तकारागिरी, मूळ कारखाना.

गाडी मुळात सासऱ्यांची. सासरे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. साखळी, ध्वज आणि शेतकऱ्यांची भांडणं यांत चाळीस वर्षं काढलेला माणूस. गुडघे क्लच दाबेनासे झाले तेव्हा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, त्यांनी किल्ली जावयाच्या हातात दिली आणि सांगितलं, "तेलावर लक्ष ठेवा. गाडीत एक वेळ पेट्रोल नसलं तरी चालतं, तेल नसलं तर चालत नाही." हे वाक्य त्यानंतर महिन्यातून दोनदा तरी ऐकायला मिळे. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून गाडी दिसे, आणि ती कधी सुरू झाली, कधी बंद झाली, किती वेळा खोकली याची नोंद न लिहिताही त्यांच्याकडे असे.

चार महिन्यांपूर्वी पुलाच्या चढावर, मिलिमीटर चालवत असताना, इंजिनाने एकदा खडखडून आवाज केला आणि जीव सोडला. भाजीच्या टेम्पोला बांधून गाडी घरी आणली. सासरे खिडकीत उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण पुढे जो कोणी घरी येई त्याला ते चहाबरोबर ऐकवत, "इंजिन ना? आमच्या जावयांच्या हातात गेलं." हे ते इतक्या समजूतदार आवाजात म्हणत की त्यावर भांडताही येत नसे. मिलिमीटरने तेल बघितलं होतं. दर रविवारी बघत होता, तारखेसकट नोंदी होत्या. पण कोणी नोंदी मागतच नव्हतं.

आणि मग वाहन कार्यालयाचं पत्र आलं. गाडीची नोंदणी तीन महिन्यांनी, तीस तारखेला संपते. त्याआधी गाडी चालत्या स्थितीत आणून तपासून घ्यावी, अन्यथा नोंदणी कायमची रद्द होईल. रद्द झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ती वजनावर विकतात.

"वजनावर," सासरे पत्र घडी घालत म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा घेतला नाही.

तेव्हा मिलिमीटरने ठरवलं की गाडी तीस तारखेच्या आत चालवायची, आणि सासऱ्यांना शेजारी बसवून चालवायची.

तसलं इंजिन आता कुठेच मिळत नव्हतं. मिस्त्रीने आठ दिवस फिरून दुसरं शोधलं. बेकरीचा पाव पोहोचवणारी एक व्हॅन मागून ठोकली गेली होती. पाठ गेली, इंजिन ठणठणीत.

"पावाच्या गाडीचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"आजोबा, इंजिनाला काय कळतंय ते काय ओढतंय," मिस्त्री म्हणाला.

सासऱ्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, "खरं आहे," म्हणाले आणि आत निघून गेले. ते कुणाचंही पहिल्या झटक्यात मान्य करत नसत. मिलिमीटरला जरा आश्चर्य वाटलं, पण त्याचं डोकं मोजमापात होतं.

मोजमाप हा त्याचा प्रांत. प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर त्याने रीतसर चिठ्ठी लिहून घरी आणला. देणारा म्हणून त्यानेच सही केली आणि घेणारा म्हणूनही. इंजिनाची लांबी, रुंदी, बोल्टांची अंतरं, तेलाच्या टाकीपासून जमिनीपर्यंतचं अंतर. चौसष्ट नोंदी झाल्या, प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढलेली. मिस्त्री सुरुवातीला हसला. मग इंजिन खाली सोडलं आणि ते पहिल्याच वेळी बरोबर जागेवर जाऊन बसलं, तेव्हा त्याने हसणं थांबवून वही मागून घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

इंजिन सुरूही झालं. आवाज सभ्य होता, जरा घाईतला, पाव गरम असतानाच पोहोचला पाहिजे असा. बायको दवाखान्यातली ड्यूटी संपवून नर्सच्या कपड्यांतच खाली आली होती. ती म्हणाली, "चला. आता बॉनेट लाव म्हणजे हॉल मोकळा होईल."

बॉनेट आठ आठवडे हॉलमध्ये सोफ्यामागे होतं, चादरीत गुंडाळून. काम करताना त्याला ओरखडा नको म्हणून मिलिमीटरने पहिल्याच दिवशी ते वर नेलं होतं. बायको त्यावर ओले रुमाल वाळत घाली, कारण उंचवट्यामुळे पाणी निथळून जाई. चौघांनी ते खाली आणलं, अलगद ठेवलं. ते बसलं नाही. जरा दाबलं. पुढची कड सत्तावीस मिलिमीटर वर राहिली आणि तिथेच राहिली.

मिस्त्रीने वाकून फटीतून आत बघितलं.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "उंची?"

"घेतली आहे." मिलिमीटरने वही उघडली. इंजिनाची उंची होती, तीन मापं, सरासरी. तिच्यासमोर, उपलब्ध जागेच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: वर मोकळे.

तसं ते चूक नव्हतं. माप घेतलं तेव्हा वर खरोखरच मोकळं होतं. पार आकाशापर्यंत.

त्यानंतरचे दिवस सल्ल्यांचे होते. काकांनी बॉनेटला भोक पाडून इंजिनाला डोकं वर काढू द्यावं असं सुचवलं. वहिनींनी झेंडूची आठवण करून दिली. मिलिमीटरने इंजिनाखालचे रबर बदलून पातळ घातले. सहा मिलिमीटर मिळाले. हवेच्या गाळणीचं झाकण चपटं करून घेतलं, आणखी नऊ. पुढे काही केल्या सरकेना. बारा मिलिमीटर उरले. आयुष्यभर ज्यांची बाजू घेतली त्यांनीच ऐन वेळी असं वागावं, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

"ठोकून देतो," मिस्त्री म्हणाला. "आधीच उंचवटा आहे. तोच थोडा वर घ्यायचा. दोन तासांचं काम."

"नाही."

"कुणाला कळणार नाही."

"मला कळेल. ती रेषा कोणीतरी कारखान्यात बसून विचार करून काढली आहे. आपण तिला हातोडी लावायची नाही."

वर खिडकीत सासरे खोकले. मग खिडकी बंद झाली.

एकोणतीस तारीख उजाडली. आदल्या संध्याकाळी मिलिमीटर अर्ज भरत बसला असताना सासरे बाहेर आले आणि त्याच्या मागे उभे राहिले.

"जुन्या इंजिनाचा नंबर लिहायचाय ना? नोंदणीच्या पुस्तकातून उतरवा. पुस्तक माझ्या कपाटात आहे."

"लागणार नाही बाबा. मी इंजिनावरूनच घेतलाय." त्याने कागद दाखवला. काढलेल्या इंजिनावरचं ग्रीस खरवडून, नंबरवर पातळ कागद धरून त्याने वरून पेन्सिल घासली होती. आकडे पांढरे उमटले होते. "पुस्तक म्हणजे कोणीतरी कधीतरी लिहिलेलं. हे प्रत्यक्ष."

"तरी पुस्तकातून उतरवायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही. पण प्रत्यक्ष वस्तू समोर असताना कागदावरून कागदावर कशाला?"

"तुमचं शिक्षण जास्त आहे," सासरे म्हणाले, कपाटातून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि झोपायला गेले. मिलिमीटरने ते अर्जाला जोडलं. उघडून बघितलं नाही.

बॉनेट कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधून गाडी वाहन कार्यालयात गेली. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, पुस्तक उघडलं, एक बोट अर्जावर ठेवलं, दुसरं पुस्तकावर, आणि बराच वेळ दोन्ही बोटं तिथून हलली नाहीत.

"तुम्ही काढलेलं इंजिन या गाडीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मी स्वतः काढलं."

"काढलं असेल. पण नव्हतं. पुस्तकात वेगळा नंबर आहे."

"नऊ वर्षं मी ते चालवलंय."

"तेच तर लिहून द्यायचंय, की जे नव्हतं ते कसं चालवलं."

"मग या गाडीत इंजिन कोणतं होतं?"

"पुस्तकातलं."

"ते कुठे आहे?"

"ते तुम्ही सांगायचं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता; पिशवी कुठे ठेवली असं घरात विचारावं तसं त्यांनी विचारलं. मिलिमीटरच्या मनात आलं की आपण पुस्तकातून नंबर उतरवला असता, तर अर्ज चुकीचा झाला असता आणि सगळं बरोबर झालं असतं. विज्ञानात अशी सोय नसते.

तपासणी अधिकारी आले, गाडीभोवती फिरले आणि त्यांनी दोन शेरे मारले. एक: बॉनेट बंद होत नाही, दोरी हा वाहनाचा भाग धरता येत नाही. दोन: इंजिन क्रमांक जुळत नाही. "गाडी इथेच राहील. मूळ मालक हयात असतील तर त्यांना उद्या घेऊन या. उद्या पाचला खिडकी बंद."

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. सासरे ऐकत होते. त्यांच्यापुढचा चहा निवत होता.

"कारखान्यातच चुकला असेल नंबर लिहिताना," बायको म्हणाली. "हो ना बाबा?"

"असेल," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खिडकीतही त्यांनी तेच सांगितलं. बाईंनी मान डोलावली. "होतं असं कधीकधी. मग कारखान्याचं पत्र लागेल."

"कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली."

"मग पत्र मिळणार नाही. पत्र नाही तर नोंदणी आज संपली. आणि अर्जात खोटा क्रमांक दिला असा शेरा अर्जदारावर येईल. हे तुमचे जावई ना? सरकारी कॉलेजात आहेत? तिकडेही एक प्रत जाते."

सासऱ्यांनी वळून बघितलं. जावई मागे बाकावर बसला होता. मांडीवर वही, वहीत पेन्सिल घासलेला कागद. कागदाचा कोपरा दुमडला होता, तो नखाने सरळ करत होता. चार महिन्यांत तो एकदाही म्हणाला नव्हता की माझी चूक नाही. नोंदी मात्र सगळ्या जवळ होत्या.

"बाई," सासरे म्हणाले, "नंबर बरोबर आहे त्यांचा. चूक माझी आहे."

मिलिमीटर उठून खिडकीशी आला.

"एकतीस वर्षं झाली. रविवार होता. जुनं तेल काढलं, खालचा बोल्ट आवळला, नवं तेल घालायचं होतं. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. चहा घेतला, गप्पा झाल्या, हात धुतले आणि गाडी काढली." त्यांनी चष्मा सारखा केला. "चार किलोमीटर गेली. तेलाशिवाय तेवढी गेली म्हणजे गाडी चांगली होती. इंजिन जाम झालं ते झालंच. मग एका दुधाच्या गाडीचं इंजिन मिळालं, ते बसवलं. घरी सांगितलं, किरकोळ दुरुस्ती."

मिलिमीटरला सासूबाई आठवल्या. गाडीत बसलं की त्या शेवटपर्यंत म्हणत, गाडीला दुधाचा वास येतो. सगळे हसत. सासरे सर्वांत मोठ्याने हसत.

"आणि नोंदवलं का नाही?" बाईंनी विचारलं.

"नोंदवायचं तर कारण लिहावं लागलं असतं."

"ते आताही लिहावं लागेल." बाईंनी एक छापील अर्ज पुढे सरकवला.

सासऱ्यांनी पेन घेतलं. नकाशावर गट क्रमांक लिहावा तशा टपोऱ्या अक्षरात त्यांनी रकाना भरला. बदलाचे कारण: तेल घालण्यास विसरलो. खाली आणखी एक रकाना होता. विलंबाचे कारण. त्याच्यापुढे ते बराच वेळ थांबले. मग एकच शब्द लिहिला: लाज.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "यात बसतं," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. "एक शेरा गेला. दुसरा पाचच्या आत."

बाहेर आवारात गाडी दोरी बांधून उभी होती. दोघं तिच्याजवळ आले. सासऱ्यांनी नेहमीसारखा उंचवट्यावर हात ठेवला.

"ते तुमच्या हातात गेलं नव्हतं," ते म्हणाले. "मी आणलं तेव्हाच ते दमलेलं होतं. तुमच्या हातात फक्त थांबलं. मला माहीत होतं. तरी बोलत राहिलो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मिस्त्रीला फोन करा. ठोकायला सांगा."

"पण बाबा, ती रेषा—"

"ती रेषा माझी आहे."

मिलिमीटर बघत राहिला.

"दुधाच्या गाडीचं इंजिन उंच निघालं. मी सगळं मोजलं होतं हो, साखळी धरून मोजावं तसं. बॉनेट तेव्हा रंगाला गेलं होतं."

दोनशे चौदा. मूळ कारखाना. हवेला वाट मिळते. नऊ वर्षांत निदान तीनशे माणसांना त्याने ते समजावून सांगितलं होतं. त्यांतले दोघं तर हवेच्याच विषयात डॉक्टरेट झालेले, आणि त्यांनीही माना डोलावल्या होत्या. त्याने वही उघडली, ती नोंद शोधली, पेन्सिल हातात घेतली आणि मग काहीच न लिहिता वही मिटली.

"तुम्ही मापात काय लिहिलं होतं?" त्याने विचारलं. "वरच्या बाजूला?"

"निर्बाध," सासरे म्हणाले.

मिस्त्री तीनला लाकडी हातोडी घेऊन आला. खाली टेकवायला वाळूची पिशवी हवी होती. वाळू कार्यालयाच्या लाल बादल्यांत होती, आग लागली तर म्हणून. बाईंनी एक बादली दिली आणि पोच लिहून घेतली: वाळू, एक बादली, परत करण्याच्या बोलीवर. सासऱ्यांना खुर्ची दिली होती. ते तिच्यावर बसले नाहीत. "मधोमध मारू नको," ते मिस्त्रीला सांगत होते. "कडेने आत ये. पत्र्याला घाई केलेली आवडत नाही." मिस्त्रीचा हात दुखला तेव्हा त्यांनी हातोडी जावयाकडे दिली. जावयाने पहिला ठोका घातला, थांबला, खाली वाकून बघितलं. "मोजू नका," सासरे म्हणाले. "ऐका. आवाज बसका झाला की पुढे सरका."

साडेचारला बॉनेट बसलं. पाचला दहा कमी असताना अधिकाऱ्यांनी त्यावरून हात फिरवला आणि सही केली.

परतताना सासरे शेजारी बसले होते. पुलाचा चढ आला. पावाच्या गाडीचं इंजिन तो घाईघाईने, पण न कुरकुरता चढलं.

"तिला माहीत होतं," सासरे समोर बघत म्हणाले. "इंजिनाला कुठे वास येतो? ती मला सांगत होती. दर वेळी. आणि मी हसत होतो."

मिलिमीटरने गिअर बदलला, जरा हळूच.

फाटकाशी सोसायटी गोळा झाली होती. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटपाशी थांबले आणि तळवा टेकवला. "इंजिन बदललं ते बदललं," ते म्हणाले, "पण हे बघा. याला म्हणतात जुनं काम. आज कोणाला जमणार नाही. काय हो मिलिमीटर, काय आहे यामागचं शास्त्र? परत एकदा सांगा. वहिनींनी ऐकलेलं नाही."

मिलिमीटरने सासऱ्यांकडे बघितलं. सासरे चष्मा पुसत होते.

"समोरून आलेली हवा इथे वर चढते," मिलिमीटर म्हणाला, "आणि काचेवरून निघून जाते. हवेला वाट मिळते."

"फार विचार करून केलेलं आहे," सासरे म्हणाले.

बायको जिना उतरून आली होती. तिने उंचवट्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तळहातांवर आलेल्या फोडांकडे, मग वडिलांच्या बाहीला लागलेल्या वाळूकडे. गाडीत वाकून तिने एकदा खोल श्वास घेतला.

"पावाचा वास येतोय," ती म्हणाली.

या वेळी सासरे हसले नाहीत. "हो," ते म्हणाले, "येतो," आणि उतरायला तिच्या हाताचा आधार मागितला.